पिवळ्या रेषेच्या अलीकडे

शिवयोगी हत्तुरेला माणसं आवडत नसत. तसं तो तोंडानं कधी म्हणाला नाही, म्हणायची गरजच नव्हती. समोरचा बोलायला लागला की हा चष्मा काढून रुमालानं पुसायला घ्यायचा आणि बोलणं संपेपर्यंत पुसत राहायचा. सोलापुरातल्या एका कॉलेजात तो संख्याशास्त्र शिकवायचा. विद्यार्थी त्याच्या मते दगड, सहकारी म्हणजे शेंदूर फासलेले दगड, आणि प्राचार्यांसाठी तर चष्मा पुसायचेही त्याला श्रम वाटत.

या सगळ्या कत्तलीतून एकच माणूस वाचलं होतं. त्याची बायको, महानंदा. ती त्याच्या तोंडावर त्याला हसायची. "अहो, जगातली सगळी अक्कल तुमच्याकडेच दिली, मग बाकीच्यांना देव काय कपाळ देणार?" असं म्हणून भाकरी थापत राहायची, आणि हा आख्ख्या गावाला शहाणपण शिकवणारा गडी खाली मान घालून जेवायचा. तिला दमा होता. दक्षिण कसब्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत थंडी-पावसात तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा, आणि ती शिट्टी ऐकली की हत्तुरेचे आकडे चुकायचे.

सत्त्याहत्तरच्या डिसेंबरात तिला जोराचा झटका आला. टांग्यात घालून त्यानं तिला सिद्रामप्पा धर्मादाय रुग्णालयात नेलं. अपघात विभागात पाय ठेवायला जागा नव्हती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कामगाराच्या कपाळावर मागावरचा धोटा उडून लागला होता आणि त्याच्याबरोबर सगळा कारखाना आला होता. कुणी त्याचा हात धरलेला, कुणी पाय, कुणी नुसतंच सदऱ्याचं टोक. दुसऱ्या बाकावर एका म्हातारीला पाच सुना धरून बसलेल्या. इकडची ही रीतच आहे. आजारी माणसाला डॉक्टरनं हात लावेपर्यंत घरच्यानं हात सोडायचा नाही. का, ते कुणी सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही. महानंदाचे ओठ निळे पडत चालले होते आणि हत्तुरे ओरडत होता, "अरे, सरका! मेंढरं आहात का माणसं?" मेंढरं काही सरकली नाहीत. डॉक्टरांचं इंजेक्शन मिळेस्तोवर महानंदा त्याचं मनगट घट्ट पकडून बसली होती.

ती वाचली. पण हत्तुरे त्या दिवशी पेटला तो पेटलाच. "पुन्हा तुला त्या बाकावर बसू देणार नाही," तो म्हणाला. हत्तुरेनं आयुष्यात कुणाला दिलेला हा बहुधा एकच शब्द.

मग तो रुग्णालयाच्या मागे लागला. अपघात विभागाचे प्रमुख डॉक्टर हिंदुराव जाधव हा अकलूजकडचा अंगानं दणकट माणूस, बोलायला मोकळा.

"कॉम्प्युटर?" डॉक्टर म्हणाले. "तो काय पट्टी बांधणार?"

हत्तुरेनं चष्मा पुसला. मग लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. पुण्याच्या एका संस्थेत मोठं यंत्र आहे. त्या यंत्राच्या पोटात आपण एक खोटा दवाखाना बांधायचा. खोटे पेशंट, खोटे नातेवाईक, खोटे डॉक्टर, खोटा बाक. पेशंट किती वेळानं येतात, कोण किती वेळ घेतो, हे आधी इथं बसून मोजायचं आणि भोकं पाडलेल्या कार्डांवरून यंत्राला सांगायचं. यंत्र वर्षभराचा दवाखाना चहा पिऊन होईस्तोवर चालवून दाखवतं. बाक हलवा, दार बदला, माणसं कमी करा, काय फरक पडतो ते आधी कागदावर बघा, मग खऱ्या दवाखान्यात करा.

"आणि खोटा पेशंट मेला तर?"

"तर कुणी छाती पिटत नाही. हाच तर फायदा आहे."

डॉक्टर हसले. हत्तुरे हसला नाही.

दोन महिने तो विभागात स्टॉपवॉच घेऊन बसला आणि सगळ्यांचा तिरस्कार करत राहिला. तोंडाला पदर लावून रडणाऱ्या बायकांचा, भिंतीवर पिंक टाकणाऱ्या पुरुषांचा, "जरा बगा की ओ सायब" म्हणून दर मिनिटाला डॉक्टरच्या बाहीला झोंबणाऱ्या भावकीचा. मग कार्डांचे खोके काखोटीला मारून एस. टी.नं पुण्याला जायचा. यंत्राचा खोटा दवाखाना अगदी खऱ्यासारखाच तुंबला. खोटे पेशंट खोट्या बाकावर तिष्ठत बसले. हत्तुरेनं डॉक्टर वाढवून पाहिले, टेबलं वाढवून पाहिली. रांग थोडी हलायची आणि पुन्हा तुंबायची.

एके दिवशी वैतागून त्यानं नातेवाइकांची कार्डं उचलली आणि गठ्ठाच बाजूला ठेवला. ही माणसं दवाखान्यात काय करतात? काही नाही. वाट अडवतात. ना ती पेशंट, ना डॉक्टर.

यंत्र खडखडलं. लांबच लांब कागद बाहेर आला. रांग नाहीशी झाली होती.

हत्तुरेनं आयुष्यात पहिल्यांदा यंत्राच्या पाठीवर थाप मारली. मग त्याचं लक्ष शेवटच्या ओळींकडे गेलं. त्याच्या खोट्या दवाखान्याला तीन दारं होती. बरं होऊन घरी, नाहीतर वॉर्डात, नाहीतर शवागारात. आत आलेल्यांची बेरीज आणि या तीन दारांनी बाहेर पडलेल्यांची बेरीज जुळायला हवी. ती जुळत नव्हती. बाहेर पडलेले कमी होते. मग उरलेले अजून बाकावर असतील? बाक रिकामा. टेबलावर? टेबलं रिकामी.

"कार्ड पंच करणाऱ्या पोरी गप्पा मारत काम करतात," तो ऑपरेटरवर डाफरला. कार्डं पुन्हा पंच करून घेतली. पुन्हा तेच. नातेवाइकांचा गठ्ठा परत घातला, तर बेरीज चोख जुळली आणि रांग तुंबली. काढला की रांग गायब, आणि थोडी माणसंही गायब. त्यानं दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं एक जास्तीचं कार्ड घातलं. जे कुठंच सापडत नाहीत, त्यांना यंत्रानं 'इतर' असं छापावं. बेरीज जुळली. यंत्र मूर्खच असतं, त्याला समजेल असं सांगावं लागतं, असं स्वतःला म्हणत तो सोलापूरच्या गाडीत बसला.

पावसाळ्याच्या तोंडाला विभाग बदलला. दारातच फरशीवर जाड पिवळी रेष मारली. पुढे प्लायवूडची आडभिंत, तिला एक वळण, वळणापलीकडे डॉक्टरांचं टेबल. रेषेच्या अलीकडे नातेवाईक, पलीकडे फक्त पेशंट. चालता येणाऱ्यानं एकट्यानं आत जायचं. चालता न येणाऱ्याची स्ट्रेचरची गाडी वॉर्डबॉयनं वळणापर्यंत ढकलायची आणि वळणापलीकडून आया गोजरबाईनं ओढून घ्यायची. पहिले काही दिवस लोकांनी आरडाओरडा केला. एका म्हाताऱ्यानं बायकोचा हात सोडायला साफ नकार दिला. वॉर्डबॉयनं बोटं सोडवली. हत्तुरे बाजूला उभा राहून घड्याळ बघत होता.

आठवड्याभरात गर्दी ओसरली. गोजरबाई खूष. "आता झाडायला तरी जागा मिळती बगा," ती म्हणाली. "न्हायतर नुसती जत्रा हुती. पर ही पोरं रिकामी गाडी कशापायी ढकलत्यात, सायब?"

"कुठली रिकामी गाडी?"

"मगाशीच आली की. मी वडून घेतली, तर वर कुनी न्हाय. चादर तेवढी गरम हुती."

हत्तुरेनं वॉर्डबॉयला बोलावून झाडला. वॉर्डबॉय म्हणाला, आपण कुठं गाडी ढकलली आठवत नाही. दारू प्यालेला असणार.

त्याच दुपारी बाहेरच्या बाकावर एक कामगार बसलेला त्याला दिसला. नाव कुंडलिक. सकाळपासून तिथंच होता. काखेत बायकांची रबरी चप्पल, एकाच पायाची.

"कुणाला आणलं आहे?" हत्तुरेनं विचारलं.

कुंडलिकनं बराच वेळ विचार केला. "आनलं असंल की कुनाला तरी. न्हायतर मी कशाला येतोय हितं, कामाचा खाडा करून?"

"कुणाला पण?"

"त्येच आठवंना झालंय, सायब." तो कसनुसा हसला. गिरणीचा भोंगा झाला तसा उठला, चप्पल बाकाखाली सारून निघून गेला. गांजेकस, हत्तुरे मनात म्हणाला. असल्यांसाठी आपण रात्रंदिवस खपतोय याचंच त्याला हसू आलं.

पण दुसऱ्या दिवशी बजाबाई नावाची एक बाई आली. म्हणजे ती कधी आली कुणी पाहिलं नव्हतं. वेळापूरकडची असावी, पंचविशीची, रेषेला पाऊल लावून आडभिंतीकडे बघत उभी होती. तिच्या चोळीवर दुधाचे दोन ओले गोल उमटले होते.

"बाळाला आत नेलं आहे का?" हत्तुरेनं विचारलं.

"मला कुटलं लेकरू ओ, सायब?" ती म्हणाली. हात मात्र तिनं छातीशी आडवे धरले होते, आणि ती आपल्या नकळत पायांवर झुलत होती.

हत्तुरेनं मान वळवली. चष्मा काढला, पण पुसायचं विसरून तो तसाच हातात धरून राहिला.

संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला बसवून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "हत्तुरे, दारातून शिरतात ते सगळे माझ्या टेबलापर्यंत येतात ना?"

"मग कुठं जातील? भिंतीत?"

"माझे हात रिकामे राहतात हो. इतके रिकामे कधी राहिले नव्हते. ती आडभिंत काढू या. आठ दिवस काढून बघू."

"दिल्लीला संख्याशास्त्राची परिषद आहे, डॉक्टर. आठवड्यावर आली. मी त्यांना काय सांगू, की अडाणी लोकांना आपण कुणाला घेऊन आलो ते आठवत नाही, म्हणून मी शास्त्र गुंडाळून ठेवलं? आणि आडभिंत काढली की पुन्हा ती जत्रा. त्या जत्रेत माझी बायको मरायची राहिली होती, विसरलात?"

डॉक्टर उठून टेबलाकडे निघून गेले. हत्तुरेला वाटलं, जिंकलो.

रात्री जेवताना त्यानं महानंदाला बजाबाईची गोष्ट चेष्टेवारी सांगितली. ती हसली नाही. तिचा घास हातातच राहिला.

"ती भिंत काढा तुम्ही."

"आता तू पण?"

"अहो, बाई लेकरू विसरते का? दूध आलेली बाई?" तिनं ताट बाजूला सारलं. "तुमच्या त्या यंत्रात मी कोण आहे हो? म्हणजे मी आजारी होऊन आले तर?"

"एक पेशंट. एक आकडा."

"आणि माझा हात धरायला कोण?"

"त्याची गरजच नाही, नंदा. तुला थांबावंच लागणार नाही."

"मला बाकावर थांबवा, मरेस्तोवर थांबवा," ती म्हणाली, "पण त्या वळणातनं एकटीला पाठवू नका. शपथ घ्या."

"बरं, घेतली," तो म्हणाला. बायकांच्या जातीला कितीही शिकवा, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. ही मात्र भ्याली आहे, हे त्याला दिसलं होतं, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं.

श्रावणातली एक दुपार. चार दिवस सूर्य दिसला नव्हता, भिंतींना ओल आली होती. महानंदानं भाकऱ्या करून दुरडीत झाकल्या, उठायला गेली आणि खालीच बसली. शिट्टी सुरू झाली. मग शिट्टीही थांबली, आणि ते जास्त वाईट होतं.

गल्लीतला खासगी डॉक्टर गावाला गेलेला. टांगा मिळाला. रस्ताभर ती त्याच्या मनगटाला लोंबकळून होती. तिला बोलता येत नव्हतं, पण घोडा कुठं वळतोय हे तिनं पाहिलं, आणि ती मान हलवत राहिली. नाही. नाही.

"दोन मिनिटांचं काम आहे," तो म्हणत होता. "नंदा, दोन मिनिटं. आता तिथं रांग नाही."

खरंच नव्हती. विभाग रिकामा होता. फरशी लख्ख. वॉर्डबॉय गाडी घेऊन तयार उभा. हत्तुरेनं तिला उचलून गाडीवर ठेवलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

तिनं मनगट सोडलं नाही.

"सर, रेष," वॉर्डबॉय म्हणाला. "तुम्ही पण... तुम्हीच सांगितलंय."

हत्तुरेनं आडभिंतीकडे पाहिलं. वळणाच्या तोंडाशी नेहमीसारखा अंधुक उजेड होता. पलीकडे डॉक्टरांचं खोकणं ऐकू आलं. दहा पावलांवर इंजेक्शन होतं, आणि आपण इथं शपथांचा विचार करतोय! त्याला स्वतःचीच लाज वाटली. अडाण्यांसारखं वागतोय.

त्यानं तिचं एकेक बोट सोडवलं.

गाडी वळली.

चाकांचा आवाज आला, मग थांबला.

हत्तुरे बाकावर बसला. छाती धडधडत होती. घड्याळात बघून त्यानं मनाशी आकडा धरला. बाकावर बसण्याआधीच काम झालं होतं. याला म्हणतात व्यवस्था.

थोडा वेळ गेला.

बाहेर टांग्याच्या घोड्यानं फुर्र केलं.

छातीची धडधड हळूहळू कमी झाली. एवढी कशानं होत होती, त्याला कळेना. जिना तर चढलो नाही.

मनगट दुखत होतं.

आतून गोजरबाई बाहेर आली, हात पदराला पुसत. "पुन्हा रिकामी गाडी," ती कुरकुरली. "ह्यास्नी काय खूळ लागलंय का?" मग तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "सायब, तुमी कुनासंगट आलाय?"

हत्तुरेच्या मस्तकात तिडीक गेली.

"मी? मी कशाला कुणासंगट येईन? माझी व्यवस्था आहे ही. बघायला आलोय."

"तसं न्हवं. रडताय म्हनून इचारलं."

त्यानं गालाला हात लावला. गाल ओला होता. दमट हवा, त्यात चष्मा. डोळे चुरचुरतात. बायकांना कशातही रडणंच दिसतं. तो ताडकन उठला आणि चालत घरी निघाला. टांगेवाला त्याला ओलांडून रिकामाच गेला.

घराचं दार सताड उघडं होतं. त्यानं स्वतःला चार शिव्या घातल्या. आत सगळं नीटनेटकं होतं. तो पाय धुऊन पाटावर बसतोय तोच शेजारची निंगव्वा वाटी घेऊन दारात आली.

"सर, शेंगाची चटणी. सकाळी तुमच्या घरातनं हाक आली हुती की, चटणी हाय का म्हनून. आत्ता कुटली बगा."

"माझ्या घरातून? कुणाची हाक?"

निंगव्वा गोंधळली. वाटीकडे बघत राहिली. "बाईमाणसाचा आवाज हुता... का मलाच भास झाला, कोन जाणे. ऱ्हावू दे, खावा तुमी."

ती गेल्यावर हत्तुरेनं मान हलवली. एकट्या पुरुषाच्या घरातून बाईचा आवाज! असल्या भासांवरच हे गाव चालतं. त्यानं दुरडीवरचं फडकं काढलं. चार भाकऱ्या होत्या, अजून मऊ. एकट्याला चार कशाला केल्या, तेही कळेना. दोन त्यानं चटणीशी खाल्ल्या, दोन निंगव्वाच्या म्हशीला घातल्या.

भाकऱ्या फार छान झाल्या होत्या. कडा पातळ, मधे टम्म फुगलेल्या. आपल्याला इतक्या चांगल्या जमतात, हे त्याला माहीतच नव्हतं.